वरचा एक

कूलरच्या टाकीत बादली ओतत असताना फोन वाजला. हात ओले होते. ते गाउनला पुसून पाहिलं, तर माझ्या खात्यात एक डिजिटल नाणं जमा झालं होतं, एका डॉलरच्या किमतीचं. एक. दशांशानंतर सगळी शून्यं. कंपनीचा पगार या नाण्यांतच, पण पाच तारखेला येतो आणि ही एप्रिलची बावीस. या नाण्यांच्या व्यवहारात पाठवणाऱ्याचं नाव नसतंच, अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ असते, तोच खात्याचा पत्ता. ती ओळ मी कधी पाहिलेली नव्हती. चुकून आलं असेल, असं मी मोठ्याने म्हणाले. एकटी राहणारी बाई घरात मोठ्याने बोलायला लागली की समजावं, काहीतरी बिनसलंय. उरलेली बादली ओतली, कूलर लावला, कानावर हेडफोन चढवून कामाला बसले. माझं काम ऐकून लिहिण्याचं. परदेशातल्या लोकांच्या बैठका, मुलाखती, भांडणं मी इथे चंद्रपुरात तुकूमच्या दोन खोल्यांत बसून शब्दाला शब्द उतरवते. त्यांना माझं नाव ठाऊक नाही, मला त्यांची गुपितं ठाऊक असतात. त्या दिवशी एक म्हातारा कुणाला तरी आपल्या गुडघ्याबद्दल सांगत होता, आणि मी तेच वाक्य चार वेळा मागे नेऊन ऐकलं. पाचव्या वेळी हेडफोन काढून ठेवला. माझ्या खात्याचा पत्ता जगात दोघांनाच माहीत होता. एक कंपनी. दुसरा राजदीप, माझ्या धाकट्या बहिणीचा, निशाचा नवरा. आणि कंपनी कधी कुणाला एक नाणं पाठवत नाही.

ते खातं मला त्यानेच उघडून दिलं होतं. तेव्हा निशाचं लग्न होऊन सहा महिने झाले होते आणि तो आम्हाला फार आवडायचा. गोंडपिपरीला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान, सगळ्या गावाचे ऑनलाइन फॉर्म तोच भरायचा, आवाज कधी चढवायचा नाही. मला शेजारी बसवून त्याने समजावलं होतं, ताई, ह्या पैशाची वही साऱ्या जगाले उघडी असते, कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती गेले ते कोणीही पाहावं, फक्त पत्त्यामागचा माणूस दिसत नाई. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. पुढे वर्षभराने निशाची दोन बोटं दाराच्या फटीत असताना त्याने दार लावलं. आदळलं नाही, लावलं. सावकाश. हे ती मला सांगत होती तेव्हा तिचा आवाजही तसाच सावकाश होता, आणि त्या आवाजाची भीती मला बोटांपेक्षा जास्त वाटली. पोलिसांत तक्रार केली तर समजूत घालून परत पाठवलं. मग एका दुपारी ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. गडचिरोलीला एका ओळखीच्या बाईकडे राहिली. मी बँकेतून त्या बाईला पैसे पाठवले, आणि पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी राजदीप चार जणांना घेऊन त्या दारात उभा होता. निशा मागच्या न्हाणीतून, भिंतीवरून पळाली. त्याला कसं कळलं, ते आजवर मला कळलेलं नाही. माझी मैत्रीण उर्वशी तिकडे आत जंगलात नर्स आहे. तिने निशाला भामरागडच्या अलीकडच्या एका पाड्यात, बुधरी नावाच्या माडिया बाईच्या घरी नेऊन ठेवलं. तिथे ती पोरांना शिकवते, मोहफुलं वेचते, फोन ठेवत नाही. तिचा दमा मात्र तिच्याबरोबर गेला आहे आणि औषधं फुकट मिळत नाहीत. म्हणून दर महिन्याला पैसे. पैसे गेले नाहीत तर ती श्वासाने मरेल आणि पैशाचा माग लागला तर त्याच्या हाताने, असा तो सरळ हिशोब होता.

तर मी इंटरनेटवरची एक सेवा शोधून काढली. अशा बऱ्याच आहेत, त्यांना मिक्सर म्हणतात. आपण आपली नाणी त्यांच्याकडे टाकायची, इतर लोकही टाकतात, ती सगळी एकत्र होतात, मग थोडी कटती कापून आपण सांगू त्या पत्त्यावर दुसऱ्याच कुणाची नाणी पोचतात. वाट तुटते. पाहणाऱ्याला दिसतं की माझ्या, म्हणजे रिनाच्या, ओळीतून काही आत गेलं, पुढचं दिसत नाही. कोणाची सेवा, कुठल्या देशातली, मालक कोण, काही कळायला मार्ग नव्हता. पानावर लिहिलं होतं, आम्ही नोंदी ठेवत नाही. मी त्यावर विश्वास ठेवला. शेजारच्या किराणावाल्याला मी दोनदा वजन करायला लावते, आणि या तोंड न पाहिलेल्या माणसावर ठेवला. बाहेर पडलेली नाणी आलापल्लीच्या लोकेशकडे जायची. त्याचं बसस्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं निळ्या पत्र्याचं दुकान आहे, तो नाण्यांचे रुपये करून देतो. बाजाराच्या दिवशी निशा मोहफुलाची टोपली घेऊन येते, पैसे घेते, औषधं घेते, जाते. हे सगळं उर्वशीने जमवलं. लोकेशला मी कधी पाहिलं नाही, त्याचा नंबरही मुद्दाम ठेवला नाही. आमच्यामध्ये फक्त तो पत्ता. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे खरं सांगते. मूल गावच्या राईस मिलवर काटा पाहणाऱ्या रामाजीची पोर, आणि जगाच्या डोळ्यांत धूळ झोकते.

बाबांच्या मिलची आठवण आली ती तेव्हाच, त्या बुधवारी दुपारी, उघडी वही पाहत बसले असताना. दिवाळीनंतर मिलमध्ये धानाच्या राशी लागायच्या, दहा-दहा गावांचं धान एकात एक मिसळून जायचं आणि ज्याच्या पोत्यांइतका तांदूळ त्याला मिळायचा. कोणाचा कोणाला, कुणी विचारत नसे. पण उन्हाळ्यात मिल रिकामी असते. अशाच एका वैशाखात मुखरू नावाच्या शेतकऱ्याने आठ पोती गुपचूप आणली होती, भावापासून लपवून. पोरीला नागपूरला शिकायला पाठवायचं होतं आणि भाऊ बापूराव सामाईक धानातलं मूठभर देईना. दुसऱ्या कुणाच्या तरी धानात मिसळून त्याने ती भरडली. तांदूळ काट्यावर आला तेव्हा बापूराव योगायोगाने तिथे बसला होता, आणि बाबांनी सवयीने मूठ भरून पाहिली. मुखरूच्या शेतातल्या बांधीत लाल दाणा पडायचा, दुसऱ्या कुणाच्या पडत नसे. हे त मुखरूचं धान होय, बाबा बोलून गेले. नुसतं बोलून गेले, त्यांच्या मनात काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी बापूरावाने मुखरूचा पाय बैलबंडीच्या दांड्याने मोडला, आणि ती पोर नागपूरला गेलीच नाही. त्यानंतर बाबांनी परक्याच्या तांदळात कधी हात घातला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाई, दहा जणायचं धान असन त लपते. दोघायचं असन त नाई लपत. आन् दाणा लाल असन त कदीच नाई." मी सहावीत होते. मला वाटलं ते धानाबद्दल बोलत आहेत.

वहीत मी त्या सेवेचं पान काढलं होतं. गेल्या महिन्यापासून तिथे गर्दी राहिली नव्हती. कुठल्याशा देशात तिच्यावर छापा पडल्याची बोलवा होती, शहाणे लोक कधीच निघून गेले होते. मला कोण सांगणार. मंगळवारी दिवसभरात आत नाणी टाकणारे सगळे मिळून अकरा, आणि त्यातली मी एक. बाहेर पडलेल्या रकमा मी खालपर्यंत वाचत गेले. सत्तेचाळीस पॉइंट काहीतरी, दोनशे बारा पॉइंट काहीतरी, नुसते फाटके आकडे. त्यांच्यामध्ये एक आकडा नीट कपडे घालून उभा होता. एकशे एक. मागच्या महिन्यात पाहिलं. एकशे एक. त्याच्या मागच्या महिन्यात. मी उठून कूलर बंद केला. कटती कापून पोचताना बरोबर एकशे एक व्हावेत म्हणून मी दर महिन्याला कागदावर आकडेमोड करायचे. कुणी सांगितलं होतं? आईने. छप्पन्न साली आमच्या आजोबांनी देव टोपलीत भरून नदीत सोडले, उपास गेले, गंडेदोरे गेले, पंचांग गेलं, पण वरचा रुपया काही आमच्या घरातून गेला नाही. माझी आई मीराबाई कुणाला काही द्यायची तर एकावन्न, एकशे एक, पाचशे एक. गोल दिलं म्हणजे संपलं, वर एक ठेवला म्हणजे अजून येणं-जाणं आहे, असं म्हणायची. गोल आकडा द्यायचा तो फक्त मयतीच्या घरी. मी माझ्या बहिणीला गोल शंभर कसे पाठवणार होते? आणि त्या सेवेच्या सूचनांमध्ये ठळक लिहिलेलं होतं, गोल रकमा टाळा. ते वाचून मला हसू आलं होतं, की हे तर आईने आम्हाला कधीच शिकवलंय. त्यांना म्हणायचं होतं, ओळखू येईल असं काही ठेवू नका. मी दर महिन्याला लाल दाणा ठेवत गेले. राजदीपला हा दाणा चांगला ओळखीचा होता. लग्नात आम्ही त्याला पाच हजार एकचा आहेर केला तेव्हा तो वरचा रुपया बोटांत फिरवत म्हणाला होता, "हा कायले वाया घालवता, ताई?" आज सकाळी त्याने मला तो परत पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी आलापल्लीचा बाजार होता, निशा तिथे येणार होती आणि तिला थांबवायला हवं होतं. उर्वशीचा फोन लागेना, ती लसीकरणाला आत गेली की तीन-तीन दिवस लागत नाही. लोकेशचा नंबर नाही. मी नको म्हणाले होते, आपली खबरदारी. मग पहाटेची सिरोंचा गाडी धरली. तिकीट आलापल्लीचं न काढता थेट सिरोंच्याचं काढलं, बायकांना अर्धंच पडतं, आणि कुणी विचारलंच तर हातात पुढचं तिकीट असावं. एवढं सगळं होऊनही मी अजून हुशारी करत होते. बल्लारपूर गेलं, कोठारी गेली. गोंडपिपरी येण्याआधी ओढणी तोंडावरून बांधून घेतली आणि गाडी स्टँडात शिरल्यावर फलाटावरचा एकेक माणूस पाहिला. पेपर वाचणारे, थुंकणारे, पिशव्या सांभाळणाऱ्या बाया. तो नव्हता. अर्धी गाडी तिथे रिकामी झाली. सुटल्यावर मी ओढणी सोडली आणि पाणी प्याले. तेव्हा मागच्या सीटवरून कुणीतरी उठून पुढे आलं आणि मधली वाट सोडून पलीकडच्या बाकावर बसलं. पांढरा शर्ट, खिशाला पेन. तो चंद्रपूरपासून माझ्या मागे बसलेला होता.

"तोंड बांधून घ्या ताई, ऊन लागन," राजदीप म्हणाला. "कुठी चालल्या?"

"सिरोंच्याले."

"कोण आहे तिथी?"

"काम आहे."

"हो काय." त्याने आपलं तिकीट काढून मला दाखवलं. "मी पण तिथलंच घेतलं. कंडक्टरले म्हटलं, समोरच्या बाईचं जिथलं आहे तिथलं दे."

 तो बोलत राहिला, दुकानात गिऱ्हाइकाला समजावतात त्या आवाजात. "त्या सेवेतून महिन्याले शेकडो वाटा निघतेत. मी साऱ्या नाई पाह्यल्या. वर एक असलेल्याच पाह्यल्या. तुमच्या घरचा माणूस आहो न मी. पण पुढचा पत्ता कोणाचा, कोणत्या गावचा, ते वही नाई सांगत. ते माणसालेच दाखवा लागते. म्हणून तुमाले एक धाडला." मग म्हणाला, "ते बरी आहे न?"

तो खरंच काळजीने विचारत होता, हे सगळ्यात वाईट. त्याच्या मते निशा ही त्याची हरवलेली वस्तू होती आणि मी ती सापडू देत नव्हते. आष्टीला गाडी वैनगंगेच्या पुलावर चढली. खाली पाण्याच्या दोन बारीक धारा आणि बाकी सगळी वाळू. मी नदी पाहत राहिले, कारण माझं ठरलं होतं. उतरायचं नाही. आलापल्ली येईल, जाईल, मी बसून राहीन. सिरोंच्याला उतरून दिवसभर गोदावरीच्या काठावर बसेन. त्याला बसू दे सोबत. निशा पैसे घेईल, औषधं घेईल, पाड्यात परत जाईल. एकदा हे ठरल्यावर मला जवळजवळ झोप येईल इतकं हलकं वाटलं. सागाच्या झाडांना पान नव्हतं, दोन्ही बाजूंनी नुसते खांब सरकत होते, आणि मोहाचा आंबूस वास गाडीत शिरत होता.

आलापल्लीच्या स्टँडात वळताना, वळण्यापुरतं, निळा पत्रा दिसला आणि पत्र्याखालच्या पायरीवर निशा दिसली. दोन वर्षांनी. वाळली होती. केस चापून बांधलेले, पुढ्यात टोपली, आणि ती दुकानातल्या कुणाशी तरी बोलताना हसत होती. ती अशी हसायची हे मी विसरून गेले होते. पळत जाऊन तिला कवेत घ्यावंसं वाटलं, त्या दोन वाकड्या बोटांसकट. मी नजर उचलली आणि समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनवर ठेवली. कंडक्टर म्हणाला, "दहा मिनिटं थांबन गाडी." लोक उतरले, चहा प्याले, चढले. कुणीतरी खिडकीतून टरबुजाच्या फोडी घेतल्या. राजदीप उतरला नाही. तो बाहेर पाहतच नव्हता, त्याने सगळा वेळ माझ्याकडे पाहिलं. मी रेक्झिनमधून बाहेर आलेला काथ्या पाहिला, त्याचा प्रत्येक धागा पाहिला. डाव्या गालावर ते दुकान उन्हासारखं जाणवत होतं. मान एवढी ताठली की दुखायला लागली. मग घंटी झाली, गाडी मागे सरली, वळली, सुटली. गाव संपलं. जंगल सुरू झालं. मी श्वास सोडला.

"इथीच आहे न?" राजदीप म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"गोंडपिपरीले तुमी सारा फलाट पाह्यला. आष्टीले नदी पाह्यली. इथी दहा मिनिटं गाडी उभी होती, सारे बाहेर पाहून राह्यले, तुमी एकट्याच सीट पाहून राह्यल्या." त्याने पिशवी खांद्याला लावली. "तुमचा सोभाव आहे ताई. लपवाले गेल्या का दिसतेच." आणि कंडक्टरला सांगून त्याने गाडी थांबवली.

त्याच्या मागोमाग मीही उतरले. गाडी गेली. रस्त्यावर आम्ही दोघंच, आणि दोन्हीकडे ते उघडे साग. आलापल्ली दोन-अडीच किलोमीटर मागे. त्याला घाई नव्हती. बाजार संध्याकाळपर्यंत भरतो, आणि गाव केवढंसं. तो पुढे, मी दहा पावलं मागे. मी पळाले असते तर सरळ निळ्या पत्र्याकडे पळाले असते, हे त्यालाही माहीत होतं, म्हणून तर तो मला मागे मोकळी सोडून चालत होता. फोनला टॉवरची एक काडी होती. लागेल असा नंबर एकही नाही, पण पत्ता होता. लोकेशचा पत्ता मला पाठ होता, आणि लोकेश आलेला आकडा निशाला वाचून दाखवतो, हेही उर्वशीने मागे सांगितलं होतं. तुमच्या ताईचा एक काई सुटत नाई, असं म्हणून हसतो म्हणे. मी चालता चालता खातं उघडलं. मिसळायचं आता काही उरलं नव्हतं, सरळच पाठवायचं होतं. शंभर लिहिले. बोट सवयीने एकाकडे गेलं आणि मी ते उचललं. नुसते शंभर. जन्मात मी कुणा जिवंत माणसाला गोल आकडा दिला नव्हता. निशाला कळेल की जिवावर बेतलंय, मीराबाईची पोर आहे, तिला कळायलाच हवं. बोट टेकवलं. वाटोळं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग बरोबरची खूण आली.

आणि पुढे राजदीपच्या खिशात टिंग वाजलं. माझ्या पत्त्यावरून काही गेलं की त्याचा फोन वाजेल असं त्याने लावून ठेवलं होतं, अर्थात. त्याने चालता चालता फोन काढला, वाचला, आणि थांबला. मी पाहत होते, त्याला समजायला किती वेळ लागतो ते. तो आमच्यातलाच, त्याच्याही घरी मयतीला गोलच देतात. फार वेळ लागला नाही. त्याने मागे वळून माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवी रस्त्यावर टाकली आणि पळायला लागला. इतक्या वर्षांत या माणसाला मी पहिल्यांदाच घाई करताना पाहत होते. मीही पळाले, पण चपलेचा अंगठा तुटला आणि डांबर पायाला चिकटायला लागलं, आणि त्याचा पांढरा शर्ट झाडांमधून लहान लहान होत गेला. दोन किलोमीटर. बारा मिनिटं, फार तर पंधरा. निशा पायरीवर बसलेली. तेवढ्यात ती उठून पाड्याच्या वाटेला लागू शकते, वाट तिच्या पायाखालची आहे. फक्त लोकेश गिऱ्हाइकाशी बोलताना फोन काउंटरवर उपडा ठेवतो की उताणा, ते मला माहीत नव्हतं.